कोवारी संपेपर्यंत मोजतच बसायचं का?

माळावरचा:
ऑस्ट्रेलियाच्या पोटात, स्टर्ट स्टोनी डेझर्टच्या भागात, लाल गोट्यांचं माळरान मैलोन्‌मैल पसरलंय. झाड औषधालाही नाही. तिथे कोवारी राहतो. शिशुधान, म्हणजे कांगारूच्या गोतावळ्यातला, पण वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम आणि पक्का मांसाहारी. शेपटीच्या टोकाला बाटली घासायच्या ब्रशसारखा काळा झुपका. गोट्यांच्या मध्ये कुठे वाळूचा उंचवटा असेल तिथे याचं बीळ. १८९६ मध्ये बाल्डविन स्पेन्सरने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते नॉर्दर्न टेरिटरीतल्या शार्लट वॉटर्सच्या नमुन्यावरून. त्या टेरिटरीत आज एकही नाही. उरलेत ते क्वीन्सलंड आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात.

माझं म्हणणं असं: रानटी झालेली मांजरं, कोल्हे, आणि बिळांवरून चालणारी गुरं ही कारणं माहीत आहेत. मग मोजणीसाठी पुन्हा सापळे, पुन्हा आलेख कशासाठी? ख्रिसमस बेटावरचं पिपिस्ट्रेल वटवाघूळ आठवा. वर्षानुवर्षं घट नोंदवली. पकडून वाढवायला सरकारने होकार दिला २००९ मध्ये. माणसं पोचली तर एकच उरलेलं, तेही हाती लागलं नाही. २६ ऑगस्टनंतर त्याचा आवाज कोणी ऐकला नाही. वरातीमागून घोडं!

खडीसाखर:
‘कारणं माहीत आहेत’ हे फार लवकर म्हणताय. १९९५ मध्ये सशांवरचा विषाणू वॉर्डांग बेटावरच्या चाचणीतून निसटून मुख्य भूमीवर आला. वाळवंटातले ससे धडाधड मेले. पुढे काय दिसलं? मुल्गारा हा कोवारीचा चुलतभाऊ आणि काही उंदीर जुन्या मुलखात परत पसरले. मांजरं-कोल्हे पोसले जात होते सशांवर. त्यांचं ताट गेलं, तसं या लहानग्यांना फावलं. नुसती बंदूक घेऊन फिरणाऱ्याला हे सुचलं असतं?

माळावरचा:
पण तो अपघात होता हो. त्यात संशोधनाचं श्रेय काय?

खडीसाखर:
विषाणू सुटला हा अपघात. मुल्गारा पसरला हे कळलं, कारण आधीच्या नोंदी कोणीतरी ठेवल्या होत्या. तुम्ही बंद करा म्हणताय त्याच.

अ‍ॅडलेडकर:
मी इथे राहतो. एका राखीव क्षेत्रात चार रात्री सापळे लावायला गेलो होतो. घडीचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा, आत ओट्स आणि पीनट बटरचा गोळा. उजाडायच्या आत सगळे तपासावे लागतात, नाहीतर ऊन चढलं की डबा तापतो. जनावर कापडी पिशवीत घ्यायचं, स्प्रिंगच्या काट्याला लटकवायचं, वजन लिहून सोडायचं. चार रात्रींत बहुतेक डबे रिकामे. ‘रिकामा’ लिहायचाही कंटाळा येतो, पण तोच आकडा महत्त्वाचा असतो असं आम्हाला बजावलं होतं.

कुंपणाचा विषय कोणी काढला नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉक्सबी डाउन्सजवळ अ‍ॅरिड रिकव्हरी या संवर्धन संस्थेचं १२३ चौरस किलोमीटरचं कुंपणबंद क्षेत्र आहे. २०२२ मध्ये तिथे १२ कोवारी सोडले. मला तोच मार्ग पटतो.

गावठी:
कुंपण म्हणजे मोठं प्राणिसंग्रहालयच. तिथेच बेटाँग (छोट्या कांगारूसारखे शिशुधान) इतके माजले की झाडोरा खाऊन टाकला. शिवाय आत वाढलेल्या प्राण्याला मांजराची भीती कुठून कळणार?

अ‍ॅडलेडकर:
तोच तर प्रयोग चालू आहे तिथे. कुंपणाच्या काही भागात मोजकी मांजरं मुद्दाम ठेवून बिल्बी (लांब कानांचे शिशुधान) त्यांच्यापासून जपून राहायला शिकतात का, हे पाहतात. म्हणजे परत संशोधनच, माळावरचा!

सोलापूरची सून:
‘झाड औषधालाही नाही’ वाचून नान्नजचा माळ आठवला. गवताळ माळाला आपण पडीक म्हणत आलो आणि माळढोक हातचा गेला. मोकळी जागा दिसली की रिकामी वाटते, तिकडेही आणि इकडेही. (अवांतर झालं, माफी.) पण गुरांबद्दल कोणी बोलत नाही. मांजराला शिव्या घालायला सगळे पुढे. पाणवठे मात्र गुरांच्या मालकाचे, तिथे सगळ्यांचा आवाज बसतो.

माळावरचा:
हे शंभर टक्के. पाणवठा बंद केला की गुरं त्या भागात फिरकत नाहीत. याला कुठला आलेख लागतो?

खडीसाखर:
कुठला पाणवठा, हे सांगायला लागतो. आणि मांजरांचं तर सगळं वेळ साधण्यावर आहे. चांगला पाऊस झाला की तिथे लांब केसांचे उंदीर बेसुमार वाढतात, त्यांच्यामागे मांजरं. उंदीर ओसरले की भुकेली मांजरं उरलेल्यांवर तुटून पडतात. क्वीन्सलंडच्या अ‍ॅस्ट्रेब्ला डाउन्स राष्ट्रीय उद्यानात बिल्बींवर हीच वेळ आली होती, शेवटी सरकारला नेमबाज पाठवावे लागले. उंदरांची मोजणी नसेल तर नेमबाज पोचतील कधी? तुमच्याच भाषेत, वरातीमागून.

माळावरचा:
बरं, मोजा. पण संख्या अमुकच्या खाली गेली की दुसऱ्या दिवशी पाणवठे बंद आणि नेमबाज रवाना, हे आधी लिहून घ्या. वटवाघळाच्या वेळी आकडे होते, असा कागद नव्हता.

खडीसाखर:
यावर माझी सही आहे. फक्त तो ‘अमुक’ ठरवायला अ‍ॅडलेडकरांचे रिकामे डबेच लागणार.

अ‍ॅडलेडकर:
पुढच्या खेपेला दोघेही चला. पहाटे साडेचारला उठावं लागतं.