ठाणे खाडीत रोहित बघायला २६ जणांची बोटफेरी : तारीख, भरती आणि बोटीचं गणित कसं जमवावं?

पाणकोंबडी

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीतल्या २६ जणांना फेब्रुवारीत ठाणे खाडीत बोटीतून रोहित (फ्लेमिंगो) दाखवायचे आहेत. त्यात ६ ज्येष्ठ नागरिक आहेत, एका आजींना गुडघ्यांमुळे उंच पायरी चढता येत नाही. ५ मुलं आहेत, वय ६ ते ११. डोंबिवलीहून बस करून ऐरोलीच्या सागरी आणि किनारी जैवविविधता केंद्रात यायचं आणि तिथून बोट, असा विचार आहे. मनात धरलेला बेत : रविवार, सकाळी ७ ला बोट, ९ ला नाश्ता, ११ ला परत.

प्रश्न असे :
१. रविवारी ७ ला बोट धरली तर पक्षी दिसतील ना?
२. सगळे एका बोटीत मावले नाहीत तर दोन फेऱ्या कशा लावाव्यात?
३. मुलांसाठी काय खबरदारी घ्यायची?
४. सोबत पक्ष्यांची माहिती सांगणारा माणूस असेल. बोटीत त्याने नेमकं काय करायचं असतं?
५. "वाइल्डलाइफ" म्हणून लोकांना काय सांगू? मगर, डॉल्फिन वगैरे विचारताहेत.

जाणकारांनी कृपया मदत करावी.

---

खाडीकाठ

पहिल्या प्रश्नातच गफलत आहे. वार आणि वेळ आधी ठरवून मग भरती बघायची नसते. आधी तिथी बघा, वेळ तीच सांगेल.

कोकणातला जुना हिशोब मुंबईला चपखल लागतो : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पंचमी असेल तर ५ × ¾ = पावणेचार. एकादशीला सव्वाआठ, त्रयोदशीला पावणेदहा. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच नियम. दिवसातली दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. यात पाऊण-एक तासाची चूक पडते, म्हणून तारखा हेरायला पाऊणपट वापरा आणि नक्की करताना मुंबईच्या अपोलो बंदरचा भरतीचा तक्ता बघा. आत ऐरोलीपर्यंत पाणी त्या वेळेपेक्षा थोडं उशिराच चढतं.

आता यातली खरी मेख. मुंबईत भरतीची वेळ आणि भरतीची उंची या दोन गोष्टी वेगवेगळ्या निवडता येत नाहीत. पुनवेला-अवसेला उधाण, आणि ते कायम दुपारी (आणि मध्यरात्री) बाराच्या आगेमागे. अष्टमीच्या सुमाराला भांग (पाण्याचा चढ-उतार सगळ्यात कमी), आणि तेव्हाची भरती सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. म्हणजे "सकाळी ७ ला बोट" म्हटलं की तुम्ही नकळत एकतर भांगाचं पाणी निवडता, नाहीतर ओहोटी. ओहोटीला रोहित लांब चिखलावर पसरलेले असतात, बोट तिथवर जाऊ शकत नाही, आणि गुलाबी रेघ बघून लोक परततात. मग "काही दिसलं नाही" म्हणून खापर खाडीवर.

रोहित बोटीतून जवळ दिसतात ते पाणी चढत असताना. चिखल थोडा थोडा बुडत जातो आणि थवे तिवरांच्या (खारफुटीच्या) कडेला उरलेल्या पट्ट्याकडे सरकतात. भरती पूर्ण झाली, तीही उधाणाची असली, की चिखल सगळाच पाण्याखाली जातो आणि पक्षी उठून विश्रांतीच्या जागी जातात. नेरुळचा डीपीएस तलाव भरतीच्या वेळी गुलाबी होतो तो त्यामुळेच.

म्हणून सोयीच्या तिथी एकादशी ते त्रयोदशी. भरती सव्वाआठ ते पावणेदहा, पाणी बोटीला पुरेसं आणि चिखल पूर्ण बुडवण्याइतकं नाही. शिवाय ऐरोली खाडीच्या पूर्व काठाला असल्याने सकाळी पश्चिमेकडच्या चिखलावर बघताना ऊन पाठीशी असतं, रंग खुलून दिसतो. रविवारचा हट्ट धरलात तर फेब्रुवारी-मार्च मिळून एखाद-दुसरा दिवस बसेल. शनिवार चालत असेल तर पर्याय दुप्पट.

तक्त्यातला आकडा वाचताना एक गोष्ट : ३.५ मीटर लिहिलं म्हणजे जेट्टीपाशी तेवढं पाणी असा अर्थ नाही. तो आकडा नकाशाच्या आधारपातळीपासून मोजलेला असतो. आपल्या बोटीला किती लागतं ते केंद्रात किंवा तांडेलालाच (बोट चालवणाऱ्याला) विचारा. तो "जमणार नाही" म्हणाला की विषय संपला.

---

नांगर

खाडीकाठ यांच्याशी सहमत. बोटीचं मी लिहितो.

आसनक्षमता आरक्षणाच्या वेळीच विचारा आणि त्यात तुमचा माहिती सांगणारा माणूस मोजा. एका बोटीत मावत नसाल तर १३-१३ च्या दोन फेऱ्या. त्रयोदशीचा हिशोब धरू, भरती पावणेदहा :

पहिली फेरी पावणेआठ ते पावणेनऊ. दुसरी नऊ ते दहा. उरलेले तेवढ्या वेळात केंद्र बघतील आणि नाश्ता करतील. दुसरी फेरी भरतीनंतर पाऊण तासाच्या आत जेट्टीला लागलीच पाहिजे.

पाऊण तासच का, ते बारा भागांच्या हिशोबाने कळतं. भरती-ओहोटीतला एकूण फरक १२ भाग धरा. ओहोटी लागल्यावर पहिल्या तासात १ भाग उतरतो, दुसऱ्यात २, तिसऱ्या-चौथ्यात ३-३, मग २ आणि १. फरक २.४ मीटर असेल तर पहिल्या तासात २० सेंमी, दुसऱ्यात ४०, तिसऱ्यात ६०. पहिला तास फसवा असतो, पाणी हललेलंच वाटत नाही. "अजून एक थवा बघू" म्हणेपर्यंत तिसरा तास लागतो आणि बोट चिखलावर टेकते. चढत्या पाण्यात टेकली तर दहा-पंधरा मिनिटांत आपोआप सुटते. उतरत्या पाण्यात टेकली तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच. उतरून चालत जायचा विचारही करू नका, तो चिखल मांडीपर्यंत ओढतो.

बोटीत बसल्यावर एकदा इंजिनाकडे बघा. आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं) असेल तर मागून पाण्याची पेन्सिलएवढी धार सतत पडत असते. ते इंजिन थंड ठेवणारं पाणी. धार बारीक झाली, तुटक झाली किंवा वाफाळली तर खालच्या जाळीत चिखल नाहीतर प्लास्टिकची पिशवी बसली आहे. तांडेलाला लगेच सांगा. इंजिन बंद, वर उचलायचं, जाळी मोकळी करायची, पाच मिनिटांचं काम. दुर्लक्ष केलं तर इंजिन तापून बंद पडतं. पंख्यात अडकणारी दुसरी वस्तू म्हणजे मासेमारीची जाळी. जाळी बांधलेल्या, पाण्यातून वर आलेल्या खुंटांच्या मधून शॉर्टकट मारायला कुणी सुचवू नये. ते जाळं कुणाच्या तरी पोटाचं असतं.

डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीच्या वाटेवर झालेल्या बोट अपघातानंतर लाइफ जॅकेटवर वाद घालायचं काही कारण उरलेलं नाही. मुलांसाठी वजनाप्रमाणे लहान मापाची जॅकेटं आहेत का, हे आरक्षणाच्या वेळीच विचारा. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घालून दोरी आवळली तर पाण्यात जॅकेट वर तरंगतं आणि मूल खाली निसटतं. तपासायची पद्धत सोपी : घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर ओढा. हनुवटीच्या वर गेलं तर माप चुकलं.

केंद्राऐवजी परस्पर एखादी मासेमारीची होडी ठरवायचा मोह होईल, स्वस्त पडते. महाराष्ट्र सागरी मंडळाचा प्रवासी वाहतुकीचा परवाना आहे का आणि किती माणसांचा, हे बघितल्याशिवाय मुलांना त्यात बसवू नका.

---

उचाट्या

चौथा आणि पाचवा प्रश्न माझ्याकडे.

मगर आणि डॉल्फिन आजच कापून टाका. इथलं अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं ते रोहितांसाठी, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) दर्जा मिळाला तो सगळ्या पाणथळीसाठी. मगरच बघायची असेल तर गोव्यात मांडवी आणि झुआरीला जोडणारा कुंभारजुवेचा कालवा आहे, ती वेगळी सहल. ठाणे खाडीच्या तिवरांत कोल्हे आहेत, पण दिसतीलच असं कबूल करू नका. मुलांना हमखास दाखवण्यासारखी चीज म्हणजे निवटी : चिखलावर परांच्या आधाराने सरपटणारा, डोळे डोक्यावर असलेला मासा. तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात, त्यांच्या मधे शोधायचा. बोटीपेक्षा काठावरून जास्त चांगला दिसतो, म्हणून थांबलेल्या गटाला हेच काम द्या.

आता बोटीतला माणूस. त्याचं पहिलं काम बोलणं नाही, थव्याकडे बघत राहणं. निवांत थवा म्हणजे माना खाली, चोची पाण्यात उलट्या. बोट फार जवळ आली की क्रम ठरलेला : आधी कडेचे चार-सहा पक्षी मान ताठ करतात. मग सगळ्या माना वर येतात. मग अख्खा थवा एकाच दिशेला चालू लागतो. त्यानंतर पंख उघडतात. दुसऱ्या पायरीलाच तांडेलाला हात करायचा, इंजिन मंद किंवा बंद, आणि पाण्याबरोबर वाहू द्यायचं. चालू लागल्यावर थांबलात तर उशीर झाला. "उडवा की जरा, फोटो येईल" म्हणणारा प्रत्येक गटात एक असतो, त्याला निघण्याआधीच समज द्या. तासातासाला उडवलेल्या पक्ष्याचं खाणं बुडतं, आणि परतीच्या प्रवासासाठी अंगात साठवायची चरबी याच चिखलातून मिळायची असते. ड्रोन तर आणूच नका.

दिशा सांगताना "तिकडे, तिकडे" नको. बोटीची नाळ (पुढचं टोक) म्हणजे बारा वाजले, उजवी बाजू तीन, डावी नऊ. "दहा वाजता, खुंटाच्या डावीकडे" म्हटलं की सगळ्यांना सापडतो. आणि सगळे एकाच बाजूला उठून जाणार नाहीत हे बघायचं. आधी डावीकडच्यांना दाखवायचं, मग बोट वळवून उजवीकडच्यांना.

ओळख चोचीवरून शिकवा, उंचीवरून नको, कारण लांबून उंची फसवते. लहान रोहिताची चोच गडद, जवळजवळ काळपट लाल. मोठ्या रोहिताची फिकी गुलाबी, फक्त टोक काळं. ठाणे खाडीतले मोठे थवे मुख्यतः लहान रोहितांचे. मळकट राखी दिसणारे वेगळी जात नाहीत, ती पिल्लं. पायात रिंग दिसली तर रंग, कोणता पाय आणि अक्षरं-आकडे टिपून फोटोसह बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा.

रोहितांपायी बाकीचे सुटू नयेत : वर वळलेल्या चोचीचा उचाट्या, खाली वळलेल्या लांब चोचीचा कुरल, लाल पायांचा शेकाट्या, चित्रबलाक, कुरव, सुरय, आणि तिवरांवर घिरट्या घालणारी दलदली हारीण (शिकारी पक्षी). हारीण आली की छोट्या तुतवार पक्ष्यांचा अख्खा थवा एकदम उठतो आणि हवेत वळताना पांढरा-करडा लकाकतो. तो उठला की आधी आकाशात बघा.

दुर्बीण ८×४२. बोटीत १०× हलते, आणि स्पॉटिंग स्कोप (स्टँडवरची मोठी दुर्बीण) तर घरीच ठेवा. २६ जणांत ६-७ दुर्बिणी पुरतात, गळ्यात पट्टा घातल्याशिवाय हातात द्यायच्या नाहीत.

---

भरतवारा

थोडा विरोधी सूर. फक्त सकाळच का? चतुर्थी-पंचमीला भरती तीन ते पावणेचार. डोंबिवलीहून ज्येष्ठांना पहाटे उठवायला नको, बसही आरामात निघते.

---

खाडीकाठ

@भरतवारा, चालेल, पण दोन गोष्टी अंगावर येतात. दुपारी ऊन पश्चिमेला, म्हणजे ऐरोलीहून बघताना पक्षी काळ्या छायाकृतींसारखे. आणि दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, पाण्यावर लाट येते, पुढे बसलेल्यांच्या अंगावर खारे तुषार, दुर्बीण स्थिर राहत नाही. भांडुपच्या बाजूने निघणाऱ्यांना हाच हिशोब उलटा, त्यांना दुपारचं ऊन पाठीशी.

---

पाणकोंबडी

खूप खूप धन्यवाद! कॅलेंडर घेऊन बसले. त्रयोदशीचा एक शनिवार सापडला, तक्त्यात भरती १०:०५ आहे, पाऊणपटीने पावणेदहा येत होती. दोन शंका. ज्येष्ठ पहिल्या फेरीत घ्यावेत की दुसऱ्या? आणि आजींना बोटीत चढवायचं कसं?

---

नांगर

तक्ताच धरा, सगळं २० मिनिटं पुढे ढकला. पहिली फेरी ८:०५, दुसरी ९:२०.

ज्येष्ठ दुसऱ्या फेरीत. पाणी जितकं वर, तितकी बोट जेट्टीच्या पातळीला येते आणि पायरीची उंची कमी होते. पहिल्या फेरीला तीच उडी जास्त खोल असते, शिवाय तेव्हा अजून न बुडालेल्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. मुलं पहिल्या फेरीत, पक्षी तेव्हा जास्त जवळ आणि मुलांचा धीर तेवढाच.

आजींसाठी : बोट दोन्ही टोकांना दोरीने बांधून घट्ट ओढून घ्यायला सांगा, एकाच दोरीवर ती फिरते. एक खलाशी बोटीत, एक माणूस जेट्टीवर, दोघांनी मनगटं धरायची, बोटं नव्हे. आजींनी बोटीच्या कडेवर पाय न ठेवता आधी त्या कडेवर बसायचं, मग दोन्ही पाय आत वळवायचे. त्यांना मधल्या बाकावर बसवा, तिथे हेलकावा सगळ्यात कमी. आणि स्वच्छतागृह निघण्याआधीच, बोटीत सोय नसते. इतकं करूनही त्या दिवशी पातळीतला फरक गुडघ्यापेक्षा जास्त दिसला तर त्यांना काठावरच थांबवा आणि एक दुर्बीण त्यांच्याकडे ठेवा.