१६४० च्या पोर्तुगीज उठावात राणी लुईझाचा वाटा नेमका किती?

प्रश्न – फोंड्याचा वाचक

गेल्या रविवारी मुलीला घेऊन जुन्या गोव्याला गेलो होतो. विजरईंच्या (व्हाइसरॉयांच्या) कमानीतील शिलालेखाची अक्षरे पावसाने काळवंडली आहेत. पोर्तुगाल १६४० साली स्पेनच्या अमलातून सुटल्याची ती आठवण आहे, असे तिला सांगताच तिने विचारले, “म्हणजे पोर्तुगीजांवरही कोणाचे तरी राज्य होते?” साडेचारशे वर्षे त्यांचा अंमल सोसलेल्या आपल्या गोव्यात हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. घरी येऊन वाचू लागलो, तर राजा दों जुआंव चौथा याच्यापेक्षा त्याची पत्नी लुईझा द गुझमांव हिचेच नाव ठळकपणे पुढे येऊ लागले. ती जन्माने स्पॅनिश असूनही डळमळणाऱ्या नवऱ्याला तिनेच उठावासाठी उभे केले, असे सांगतात. हे कितपत खरे मानावे, आणि माहेरच्या राजाविरुद्ध ती का गेली असावी?

उत्तर १ – निवृत्त शिक्षक, म्हापसा

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. लुईझा दक्षिण स्पेनमधील अंदालुसियाच्या मेदिना सिदोनिया या बलाढ्य सरदार घराण्यातील होती. १५८८ च्या स्पॅनिश आरमाराचा सेनापती हा तिचा आजा. अशा घराण्यांची निष्ठा आधी स्वतःच्या कुळाशी असे आणि मग माद्रिदच्या गादीशी. १६३३ मध्ये तिचा विवाह ब्रागांझाच्या ड्यूकशी, म्हणजे पुढे उठावानंतर राजा झालेल्या जुआंव चौथ्याशी झाला, तेव्हा या सोयरिकीमुळे पोर्तुगालमधील पहिल्या क्रमांकाचे घराणे स्पेनशी बांधले जाईल, असा माद्रिदचा होरा होता. तो साफ चुकला. उठावानंतर वर्षाच्या आतच तिचा सख्खा भाऊ, म्हणजे मेदिना सिदोनियाचा ड्यूक, अंदालुसियात स्पेनचा राजा फिलिप चौथा याच्याविरुद्ध कट करताना उघडा पडला आणि त्याला राजापुढे शरण जावे लागले. तेव्हा तिने एकटीनेच माहेराकडे पाठ फिरवली, असे समजण्याचे कारण नाही.

उत्तर २ – मडगावकर

वरील मांडणी मान्य आहे. परंतु उठावाचे श्रेय तिच्या पदरात टाकताना हात थोडा आखडता घ्यावा. “जन्मभर डचेस राहण्यापेक्षा एक दिवस राणी होणे बरे” हे तिच्या तोंडी घातलेले वाक्य निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या शब्दांत आढळते, आणि इतके घडीव वाक्य मागाहून रचलेले असते, असा माझा अनुभव आहे. उठावाची खरी कारणे रोकडी होती. स्पेनचा मंत्री ओलिव्हारेस याने लादलेल्या करांमुळे १६३७ मध्येच पोर्तुगालमधील एव्होरा शहर पेटले होते. पुढे १६४० मध्ये स्पेनच्याच कातालोनिया प्रांताने बंड केले आणि ते मोडण्यासाठी पोर्तुगीज सरदारांनाच बोलावणे गेले, तेव्हा त्यांचा संयम सुटला. १ डिसेंबरच्या सकाळी सुमारे चाळीस सरदार लिस्बनच्या राजवाड्यात घुसले, सचिव मिगेल द वास्कोन्सेलोस याला कपाटातून ओढून काढून मारले, त्याचे प्रेत खिडकीतून खाली चौकात फेकले आणि स्पेनच्या वतीने कारभार पाहणाऱ्या मांतुआच्या डचेसला कैद केले. ड्यूक आणि लुईझा त्या वेळी लिस्बनपासून दूर, विला विसोझाच्या वाड्यात होते. पतीला तिने धीर दिला असणे अगदी संभवनीय आहे, पण कट रचला तो सरदारांनी.

उत्तर ३ – जुन्या कागदपत्रांचा नादिक, पणजी

मडगावकरांचा मुद्दा १६४० पुरता ठीक आहे. माझ्या मते मात्र लुईझाचे खरे काम सोळा वर्षांनी सुरू होते, आणि त्यासाठी कोणत्याही दंतकथेची गरज पडत नाही. नोव्हेंबर १६५६ मध्ये राजा वारला, तेव्हा गादीचा वारस आफोन्सो तेरा वर्षांचा आणि आजाराने अधू होता. स्पेनने पोर्तुगालचे स्वातंत्र्य अद्याप मानलेले नव्हते. अशा वेळी राज्याची सूत्रे या स्पॅनिश बाईने हाती घेतली आणि १६६२ मध्ये तिच्याच मुलाभोवतीच्या मंडळींनी तिला बाजूला सारेपर्यंत सांभाळली. जानेवारी १६५९ मध्ये एल्व्हास येथे स्पॅनिश सैन्याचा पराभव झाला, तो तिच्याच कारभारात. त्याच वर्षी फ्रान्सने स्पेनशी तह करून पोर्तुगालला वाऱ्यावर सोडले, तेव्हा तिने इंग्लंडकडे मोर्चा वळवला. मुलगी कातारिना आणि इंग्लंडचा राजा चार्ल्स दुसरा यांचा जून १६६१ चा विवाहकरार त्यातून झाला आणि तिच्या आंदणात उत्तर आफ्रिकेतील टँजिअर बंदर, वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी) आणि आपली मुंबई गेली.

इथल्या फिरंग्यांना हा सौदा मुळीच रुचला नाही. आंतोनियो द मेलो ई कास्त्रो हा लिस्बनहून मुंबई इंग्रजांच्या स्वाधीन करण्यासाठीच आला होता, पण त्याने अधिकारपत्रांतील त्रुटी काढत ताबा देणे लांबवले आणि बेट फेब्रुवारी १६६५ मध्ये कुठे इंग्रजांना मिळाले. गोव्याच्या बाजूने पाहता त्याचा हट्ट समजण्यासारखा आहे. लुईझाच्या बाजूने पाहिले, तर उंबरठ्याशी आलेले स्पॅनिश सैन्य रोखण्यासाठी दूरचे एक बंदर देणे तिला स्वस्तच वाटले असणार.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. मुलीला मुंबईच्या आंदणाची गोष्ट शाळेमुळे ठाऊक होती. ते आंदण देणारी आई कोण, हे तिला आज कळले, आणि खरे सांगायचे तर मलाही.