बटणं किती फुटावर? नियम पाहिजे का नको?

रंकाळाकर: आईचा गुडघा बदललाय, आणि आमच्या फ्लॅटमध्ये गिझरचं बटण दाराच्या चौकटीवर. ती काठीचं रबर लावलेलं टोक वर करून बटण दाबते, तेपण दोनदा चुकतं मग बसतं. मोबाईलचा प्लग उलट खाली जमिनीलगतच्या स्कर्टिंगला चिकटून, म्हणजे वाकायचं. भाचा लीड्सला असतो, तो म्हणाला इंग्लंडात १९९९ पासनं नवीन घरांना नियम हाय, प्लग आणि बटणं जमिनीपासनं ४५० ते १२०० मिलीमीटरमध्येच, म्हणजे दीड ते जवळजवळ चार फूट. व्हीलचेअरवाल्याचापण हात पोचतो. आपल्याकडं नको का असलं कायतरी?

दुधाळीकर: दीड फुटावर प्लग म्हणजे पुराला आवतण की ओ! २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, धोका पातळी ४३. पाणी उतरल्यावर बोर्ड उघडला तर आत चिखलाची वडी बसलेली, पितळेच्या पिना हिरव्यागार. तवापासनं आमच्या घरात सगळं सहा फुटावर. म्हातारी उंच स्टूल घेते, पण जिवंत हाय.

वायरमन_भावा: मी रोज वायरीसाठी भिंतीत झिरी मारतो, ऐका. उंची कुठल्या कायद्यानं ठरत नाही, मालकीणबाई ठरवतात. "फ्रीजमागं दिसायला नको", "सोफ्याच्या वर नको". आणि दुधाळीकर, सहा फूट करून काय होतंय, पाणी दहा फूट आलं तर? खालच्या पॉईंटांची लाईन वेगळी काढायची, तिची एमसीबी, म्हणजे लाईन पाडायचं बटण, उंचावरच्या डीबीला, म्हणजे घराच्या मेन बोर्डाला, आणि शिवाय आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे करंट गळला की आपोआप पडणारा. पाणी दिसलं की तेवढीच लाईन पाडायची.

नव्या_आईची_वैनी: खालच्या प्लगात आमचं पोरगं हेअरपिन घालतंय, ते कोण बघणार?

वायरमन_भावा: वैनी शटरवाला सॉकेट घ्या, भोकांवर आतनं झडप असते, थोडा महाग येतो.

दुधाळीकर: शटरात चिखल जात नाय का? नियम करायचा तर शिरोळला एक, कोल्हापूरला एक, आमच्या गल्लीला तिसरा करा.

रंकाळाकर: मग करा की! मी नदीकाठच्या घरांचं म्हणतच नाय, माझा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, तिथं कुठली पंचगंगा येतेय. भावा, गिझरचं बटण चार फुटावर आणायला काय घेशील?

वायरमन_भावा: टाईल फोडून वायर आत घालायची का वरनं केसिंग पट्टी मारून झाकायची, ते आधी आईंना विचारा.