मदत हवी आहे: फ्लोटच्या (अपूर्णांकी संख्यांच्या) तुलनेत नॅन (‘ही संख्याच नाही’ असं सांगणारं मूल्य) आला की माझा कंपायलर गंडतो

मंडळी, जळगावहून लिहितोय. छोटा कंपायलर करतोय, टार्गेट एक्स८६ ६४ बिट, लॅपटॉप जुना म्हणून एसएसई२ (प्रोसेसरचा जुना सूचनासंच) च्या पुढचं काही नको, एलएलव्हीएम (मशीन कोड काढून देणारी तयार लायब्ररी) पण नको.

तुलनेला यूकॉमआयएसडी वापरतो, म्हणजे दोन फ्लोट ताडून निकाल प्रोसेसरच्या फ्लॅगमध्ये (एकेका बिटाच्या खुणांत) ठेवणारी सूचना. एकही ऑपरंड नॅन असला की झीरो, पॅरिटी, कॅरी तिन्ही फ्लॅग १ होतात, म्हणून नुसत्या सेट-ई (झीरो फ्लॅग १ असला की खरं) ने नॅन == नॅन चक्क खरं यायचं, मग सेट-एनपी (पॅरिटी फ्लॅग ० असला की खरं) सोबत अँड केलं आणि ते सुटलं. अ < ब ला ऑपरंड उलटे करून सेट-ए (पहिलं मोठं असलं की खरं) घेतो, तेही बरोबर.

घोळ ऑप्टिमायझरमध्ये (कोड सुटसुटीत करणाऱ्या भागात) आहे. त्याला !(अ < ब) दिसलं की तो सरळ अ >= ब करून टाकतो, इंटिजरला ठीक आहे हो, पण अ नॅन असेल तर पहिलं खरं अन् दुसरं खोटं, आणि भलताच ब्लॉक चालतो. अख्खा रविवार या उन्हात त्यातच गेला. ऑप्टिमायझरचा तो पास (टप्पा) बंद केला की उत्तर बरोबर येतं. फास्ट मॅथसारखं नॅन येतच नाही असं धरायचं नाहीये.

तर आयआरमध्येच (कंपायलरच्या आतल्या मधल्या रूपात) ऑर्डर्ड (नॅन असला की खोटं) आणि अनऑर्डर्ड (नॅन असला की खरं) असे वेगळे कंडिशन कोड ठेवू, का फ्लोटचं उलटणं फक्त जंप काढताना करू, म्हणजे जेए (मोठं असेल तर जंप) चं जेबीई (मोठं नसेल तर जंप)? आणि == उलटलं की जेएनई (झीरो फ्लॅग ० असेल तर) अन् जेपी (पॅरिटी फ्लॅग १ असेल तर) असे दोन जंप पडतात, ते एकात बसवता येतात का?