ऑल्ट टेक्स्टच्या पुढचं थोडं

सोशल मीडियावरची पोस्ट न दिसणाऱ्यांनाही कळावी म्हणून फोटोला ऑल्ट टेक्स्ट (फोटोत काय आहे ते सांगणारा, फोटोला जोडलेला मजकूर) दिलं की काम झालं, असं एका पोस्टमध्ये म्हटलंय. सुरुवात म्हणून एकदम बरोबर, पण त्यात लिहायचं काय ते जास्त महत्त्वाचं आहे हो. पोस्टर टाकायचं आणि ऑल्ट टेक्स्टमध्ये नुसतं 'कार्यक्रमाचं पोस्टर' लिहायचं, मग स्क्रीन रीडरवर (म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ऐकणाऱ्याला तारीख, वेळ, पत्ता कोण सांगणार? तो सगळा मजकूर पोस्टमध्येच टाईप करून द्या.

दुसरं म्हणजे नाव उठून दिसावं म्हणून लोक कुठून तरी ती वळणदार इंग्रजी अक्षरं कॉपी करून आणतात ना, तो फॉन्ट नसतोच, बरीचशी युनिकोडमधली (कॉम्प्युटरवरच्या अक्षरं-चिन्हांच्या प्रमाणित यादीतली) गणिताची चिन्हं असतात, त्यामुळे स्क्रीन रीडर कधी एकेका अक्षराचं लांबलचक नाव वाचत बसतो, कधी सरळ गाळून टाकतो, आणि वाक्याचा पार चुथडा होतो. साधी अक्षरं वापरा, प्लीज. इमोजीपण वाक्याच्या मधे पेरण्यापेक्षा शेवटी एकदोन बास.

इंग्रजी हॅशटॅगमध्ये प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल करा, म्हणजे स्क्रीन रीडरला शब्द वेगवेगळे कळतात; देवनागरीत ती सोय नाही म्हणून शब्दांच्या मधे अंडरस्कोर (_).

व्हिडिओच्या ऑटो कॅप्शन्स (बोलण्याचा आपोआप तयार होणारा मजकूर) न तपासता तशाच सोडू नका, एक 'नाही' गळला तरी अर्थ उलटा होतो. आणि सेकंदाला 3 पेक्षा जास्त वेळा लखलखणारे इफेक्ट तर टाकूच नका, फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सी (लखलखत्या प्रकाशाने बळावणारी फिट्सची व्याधी) असणाऱ्याला त्याने झटका येऊ शकतो, आणि व्हिडिओ आपोआप सुरू होत असेल तर वर लिहिलेली वॉर्निंग वाचायलाही वेळ मिळत नाही.