ऊसदरावरचा अमेरिकेतला पेपर आणि आमचे काका

पलूसचा पोरगा
राज्यशास्त्रात एमए झालंय, सेटचा (प्राध्यापकीच्या परीक्षेचा) अभ्यास चालूय, म्हणजे राजकारणावरच्या संशोधनाबद्दलची ही तक्रार माझ्याच अंगावर उलटणार हे माहितीय तरी करतो. परवा संदीप सुखटणकरांचा २०१२ चा पेपर वाचला, अमेरिकन जर्नलमधला. विषय मात्र आपलाच, महाराष्ट्रातले साखर कारखाने. १९९३ ते २००५ चे दर तपासून त्यांनी दाखवलंय की ज्या कारखान्याची सूत्रं निवडणूक लढवणाऱ्या पुढाऱ्याकडं असतात तिथं निवडणुकीच्या वर्षी उसाला दर कमी पडतो, म्हणजे प्रचाराचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून निघतो. रात्री जेवताना काकांना सांगितलं. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आरं मग ह्यात नवीन काय? चावडीवर कुणालाबी इच्यार." तेव्हापासून माझं मत काकांकडं झुकलंय. आपल्याकडं राजकारणावरचं निम्मं संशोधन म्हणजे गावाला माहीत असलेली गोष्ट इंग्रजीत अशी लिहायची की गावालाच कळू नये. पटत नसेल तर बोला.

विट्याचे सर
नाही पटत. "हे तर सगळ्यांना माहितीय" हे वाक्य मी नोकरीभर वर्गात ऐकलं आणि दरवेळी विचारलं, कशावरून? तिथं सगळे गप्प. दर पडायला पाऊस कारण असतो, उतारा (उसातून निघणारी साखर) घसरतो, साखरेचा बाजार बसतो. काकांनी आपल्या एका कारखान्याचं एक वर्ष बघितलं. त्या माणसानं राज्यातले कारखाने आणि बारा-तेरा वर्षं घेतली, आणि पुढारी चालवतात ते कारखाने एकीकडं, बाकीचे दुसरीकडं असं लावून बघितलं. पाऊस आणि बाजार तर दोघांनाही तोच ना? तरीही फरक निवडणुकीच्याच वर्षी दिसतो. काकांचं म्हणणं बरोबर असेल, पण ते बरोबर आहे हे काकांना स्वतःला ठरवता येत नाही.

कृष्णाकाठ
थांबा थांबा, कोण म्हणतं सगळ्यांना माहितीय? आमच्याकडं (वाळवा तालुका) लोक नेमकं उलटं बोलतात. इलेक्शन आलं की चेअरमन दर वाढवून जाहीर करतो, वरनं दिवाळीची साखर दोन किलो जास्त, कारण सभासद म्हणजेच मतदार, त्याला नाराज करून निवडून कोण येईल? माझे वडील हे छातीठोकपणे सांगतात. आता पलूसचे काका खरे का वाळव्याचे वडील खरे?

पलूसचा पोरगा
हे मला सुचलं नव्हतं खरं. पण जाहीर केलेला दर आणि खात्यात पडलेला दर ह्यात फरक असतोय की भावा.

विट्याचे सर
बघा, आता तुम्ही दोघंही संशोधनच करायला लागला. आणि पेपरातला पुढचा भाग वाचला का? निवडून आल्यावर पुढारी शेतकऱ्याला भरपाई करून देत असावा, म्हणून लोक चालवून घेत असावेत, असंही त्यात मांडलंय. म्हणजे वाळव्याचे वडीलही पुरते चुकत नाहीत, त्यांना कदाचित निवडणुकीनंतरचं वर्ष आठवत असेल. हे कुठल्या चावडीवर ऐकलंय कुणी?

काटामारी_विरोधी
सर एक अडचण आहे. १९९३ ते २००५ म्हणजे एफआरपीच्या (केंद्रानं बांधून दिलेला उसाचा किमान दर) आधीचा काळ. तेव्हा एसएमपी म्हणजे जुना किमान दर होता, एफआरपी २००९ ला आली. तेव्हा पहिली उचल, दुसरी उचल, मग सणाचं बिल असं तुकड्या-तुकड्यानं यायचं, त्यात कुठला तुकडा कुणी खाल्ला शेतकऱ्याला कळायचंच नाही. किमान दर केंद्रानं ठरवायचा आणि १४ दिवसांत द्यायचा हा नियम तेव्हाही होता (पाळतात किती ते सोडा), पण आता दर काढायची पद्धतच बदललीय. मग तो निष्कर्ष उचलून आजच्या कारखान्याला चिकटवणं बरोबर नाही. आता चोरी असलीच तर वजनात आणि उताऱ्यात शोधायला लागेल, आणि ती दराच्या तक्त्यात दिसत नाही, काट्यावर रात्री उभं राहावं लागतंय. बी. एस. बाविस्करांनी कोपरगावच्या कारखान्यावर काम केलं ते तिथं मुक्काम ठोकून, माणसांत बसून. मला ते जास्त मोलाचं वाटतं. आणि एक, सुखटणकर अर्थशास्त्राचे आहेत, बाविस्कर समाजशास्त्राचे. राज्यशास्त्रवाले कुठं गेलेत?

मिरज जंक्शन
राज्यशास्त्रवाले सेमिनारला गेलेत, सर्टिफिकेट घ्यायला 😄

आकड्यांच्या नादावर चिडणारे फक्त आपणच नाही बरं का. २००० साली अमेरिकेत कुणीतरी 'मिस्टर पेरेस्त्रोइका' अशा नावानं निनावी ईमेल फिरवला होता, की राज्यशास्त्राच्या मोठ्या जर्नलात गणित सोडून काही छापत नाहीत. बरीच मोठी मोठी प्राध्यापक मंडळी त्याच्या पाठीशी उभी राहिली. म्हणजे काका एकटे नाहीत.

पलूसचा पोरगा
काकांना सांगतो, खूश होतील. तरी आंतरराष्ट्रीय संबंधांचं काय? तिथं तर चावडीचा संबंधच नाही, सगळं वॉशिंग्टन-बीजिंग.

आटपाडी डाळिंब
संबंध कसा नाही? तुमचीच एफआरपी जिनिव्हात गेलीय. २०१९ ला ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमाला तिघांनी डब्ल्यूटीओत (जिनिव्हातली जागतिक व्यापार संघटना) भारतावर केस टाकली की हे उसाला नियमापेक्षा जास्त आधार देतात. आपण म्हटलं सरकार कुठं पैसे देतंय, दर तर कारखाना देतो. डिसेंबर २०२१ ला पॅनेलनं सांगितलं की सरकारनं किमान दर बांधून दिला की तो आधारच झाला, खरेदी कुणी का करेना, आणि तो उसाच्या एकूण किमतीच्या १० टक्के ह्या मर्यादेबाहेर आहे. जानेवारी २०२२ ला भारतानं अपील केलं. आता मजा बघा, ते अपील ऐकणारं मंडळच डिसेंबर २०१९ पासून ठप्प, कारण अमेरिका त्यावर नवी माणसं नेमू देत नाही. म्हणजे आपण हरलो पण निकाल लागू नाही. ट्रम्प-बायडन भांडणावर दोन तास बोलणाऱ्यांना हे माहीत नसतं, आणि ऊस परिषदेत घसा फोडणाऱ्यांनाही नसतं.

साताऱ्याची
पीएचडी करतेय म्हणून लिहिते. आम्हाला एमएला आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अमेरिकन अभ्यासक मॉर्गेन्थाऊ यांची सहा तत्त्वं वहीत उतरवून दिली, ही साखरेची केस कुणी सांगितली नाही. मी विषय मांडला होता अप्पा पंतांचा. औंधच्या राजाचा मुलगा, १९३९ ला वडिलांनी गावांच्या हाती कारभार देणारी राज्यघटना केली त्या प्रयोगात हा माणूस पुढं होता, आणि १९४८ ला तोच भारताचा प्रतिनिधी म्हणून नैरोबीला गेला, इंग्रजांच्या वसाहतीत. औंधात शिकलेलं त्यानं आफ्रिकेत काय वापरलं हा माझा प्रश्न. समितीतले एक जण म्हणाले "हा स्थानिक इतिहास झाला, आंतरराष्ट्रीय कुठाय?" दुसऱ्यांनी विचारलं सैद्धांतिक चौकट कुठली. शेवटी दुसरा विषय घेतला, पास होण्यापुरता. त्यामुळं मला पलूसवाल्यांचा राग कळतो पण रोख चुकलाय असं वाटतं. परदेशातला माणूस आपल्या उसावर लिहितो हा त्याचा दोष नाही हो. आपण लिहिलं तर आपलीच माणसं त्याला संशोधन म्हणत नाहीत.

काटामारी_विरोधी
ताई, तो विषय पुन्हा हातात घ्या. मराठीत लिहा पण.

साताऱ्याची
मराठीत लिहिलं तर परीक्षक मिळत नाही. मिळाला तर तो वाचत नाही.

विट्याचे सर
मी वाचतो. पाठवा.

पलूसचा पोरगा
आज पेपरातलं थोडं थोडं मराठी करून काकांना वाचून दाखवलं, भरपाईचा भाग पण. शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "ह्यात आपल्या कारखान्याचं नाव हाय का?" म्हटलं, मला तरी दिसलं नाही. तर म्हणाले, "मग म्हणूनच छापून आलं, न्हायतर छापलं नसतं."