शून्य कर दिला म्हणजे बाजार दिला का? साफ्टा, कपडे, तेल आणि शेवटी कांदाच

पेठेचा_हिशोब
काल एका पोस्टमध्ये ठासून लिहिलं होतं की साफ्टामध्ये, म्हणजे सार्क देशांच्या मुक्त व्यापार करारात, भारताने शेजाऱ्यांना सगळं फुकट दिलं, हाती काही लागलं नाही, आणि मे २०२५ मध्ये बांगलादेशी कपड्यांची वाट अडवली ते योग्यच झालं. यातलं पहिलं म्हणणं अर्धवट आहे आणि दुसरं चूक, म्हणून हे लांबलचक उत्तर.

नोव्हेंबर २०११ मध्ये मालदीवमधल्या अड्डूच्या सार्क परिषदेत भारताने बांगलादेश, नेपाळसारख्या अल्पविकसित सदस्यांसाठीची संवेदनशील यादी (ज्यांना करसवलत नाही अशा वस्तूंची) ४८० वस्तूंवरून २५ वर आणली. दारू आणि तंबाखू सोडले तर सगळं शून्य करात. ही सवलत मोठी होती, हे मान्यच आहे. पण १७ मे २०२५ ला एक अधिसूचना निघाली आणि तयार कपडे फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या बंदरांतूनच येतील असं ठरलं. बेनापोल-पेट्रापोलच्या सीमेवरून ट्रकने येणारा माल आता चट्टग्रामहून जहाजाने आणायचा. कराचा आकडा तेव्हाही शून्य होता, आजही शून्यच आहे. हंगामी फॅशनच्या मालाला मात्र ही वाट परवडत नाही.

सार्क देशांचा आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या ५ टक्क्यांच्या आसपासच रखडलाय. त्याचं मोठं कारण हेच: भरवसा नाही. उद्या वाट बंद होणार असेल, तर ढाक्यातला माणूस भारताच्या बाजारासाठी वेगळी लाइन कशाला टाकेल?

सुताचा_पीळ
त्याआधी काय घडलं ते सोयीस्कर गाळलंत. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशने भारतीय सुताची आयात जमिनीवरच्या बंदरांतून थांबवली. आपल्या कॉटन यार्नचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक तोच.

आणि ओरिजिनच्या, म्हणजे माल मूळचा कुठल्या देशाचा धरायचा, या नियमांबद्दल चकार शब्द नाही. साफ्टात भारत-पाकिस्तानला मालाच्या किमतीत देशातच ४०% भर (मूल्यवर्धन) घालावी लागते, अल्पविकसितांना ३०%. शर्टाचं कापड चीनचं, बाँडेड गोदामातून विनाकर आलेलं. कटिंग, शिलाई, धुलाई, पॅकिंग आणि नफा धरला की ३०% भरतात. तोच चिनी कपडा थेट भारतात आणला तर २०% कर. मग भिवंडी-इचलकरंजीच्या मागवाल्याने कुणाशी स्पर्धा करायची, ढाक्याशी की चीनशी? सूत किंवा निदान कापड तरी सदस्य देशातलंच हवं, अशी अट घाला. मग न्हावा शेवा लागणार नाही.

पेठेचा_हिशोब
सुताच्या आधी ८ एप्रिलला भारताने बांगलादेशची ट्रान्सशिपमेंट सवलत (भारतातून तिसऱ्या देशात माल पाठवायची) रद्द केली. गाळायचंच नसेल तर तेही गाळू नका.

कापडाच्या अटीचा मुद्दा पटतो. पण मग ती अट करारात बसून बदला. बंदर बदलून ओरिजिन तपासला जात नाही. चिनी कापडाचा शर्ट न्हावा शेव्यालाही शून्य करातच उतरतो.

सोयाबीन_लातूर
कपड्यांवर भांडताय, पण खरी गळती तेलात आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचा प्रभावी कर ५.५ वरून २७.५ टक्के झाला, रिफाइंडवरचा ३५.७५. हेतू हाच की सोयाबीनला क्विंटलमागे ४,८९२ रुपयांचा हमीभाव तरी मिळावा. लगेच नेपाळमधून रिफाइंड सोया तेल शून्य करात सुरू झालं. नेपाळला एवढं कच्चं तेल बाहेरूनच आणावं लागतं. पाम तर तिथे पिकतच नाही, तरी २०१९ मध्ये तिथून पाम येत होतं. जानेवारी २०२० मध्ये रिफाइंड पाम प्रतिबंधित यादीत टाकलं, तर माल सोयावर सरकला.

यातली मेख समजून घ्या. जकातीच्या वर्गवारीत कच्चं सोया तेल १५०७.१० मध्ये, रिफाइंड १५०७.९० मध्ये, म्हणजे माल बदलला हे दाखवणारं चार अंकी शीर्षक बदलतच नाही. गम काढणं, न्यूट्रल करणं, ब्लीच, डिओडराइज, या सगळ्याने किमतीत ३०% भर कधीच पडत नाही. पण टक्केवारी विक्रीच्या एफओबी (माल रवाना करेपर्यंतच्या) किमतीवर काढतात. समजा १०० चं तेल भारतातल्या करामुळे इथे १३० ला खपतं. मग कागदावर १३० पैकी ३०, म्हणजे २३% मूल्यवर्धन आपोआप दिसतं. उरलेल्यासाठी कच्च्या तेलाचं बिल थोडं कमी दाखवलं की झालं. आपण कर वाढवायचा आणि त्यांचं मूल्यवर्धन वाढायचं!

पेठेचा_हिशोब
ही गळती खरी आहे, इथे मी वाद घालणार नाही. पण उपायही झालेला आहे. १९९६ च्या नेपाळ करारात मूल्यवर्धनाची अटच नव्हती. २००२ मध्ये ३०% ची अट आली आणि सोबत कोटे: वनस्पती तूप १ लाख टन, अ‍ॅक्रिलिक सूत १० हजार, झिंक ऑक्साइड अडीच हजार. तेलालाही कोटा लावा. श्रीलंकेच्या मिरीला २,५०० टनांचा आहेच.

कांदाचाळ
"भरवसा नाही" म्हणताय तर कांद्यावर बोला. १४ सप्टेंबर २०२० ला अचानक निर्यातबंदी, पेट्रापोल आणि महदीपूरला ट्रक उभ्या उभ्या सडले. १९ ऑगस्ट २०२३ ला ४०% निर्यात कर, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, ८ डिसेंबरला पूर्ण बंदी. ४ मे २०२४ ला उठली ती ५५० डॉलर आणि ४०% घेऊन. कर पूर्ण गेला १ एप्रिल २०२५ ला.

उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो. पाच-सहा महिन्यांत वजनाची घट आणि सड मिळून तिसरा हिस्सा सहज जातो. नेमका भाव यायला लागला की दिल्ली दार लावते. बांगलादेशने मग पाबना-फरीदपूरला स्वतःचा कांदा वाढवला आणि आपलं पीक निघालं की आयात परवाने थांबवतो. गिऱ्हाईक त्याने तोडलं नाही, आपण तोडलं.

संत्रा_मोर्शी
त्याने तोडलं नाही? नागपुरी संत्र्याचा सगळ्यात मोठा ग्राहक बांगलादेश, आणि २०१९ ते २०२३ मध्ये किलोमागचा कर चौपटीहून जास्त केला. अंबिया बहाराचा माल वरुड-मोर्शीत पडून राहिला. कपडे शून्य करात घ्यायचे आणि संत्र्यावर असा कर? त्यातली रेग्युलेटरी आणि सप्लिमेंटरी ड्यूटी, म्हणजे वरून लावलेले जादा कर, साफ्टाच्या कपातीतच येत नाही, कारण करार फक्त मूळ सीमाशुल्काचा. छोटा देश म्हणून कळवळा पुरे!

कांदाचाळ
संत्र्याचं दुःख खरं आहे, पण त्या काळात त्यांच्याकडे डॉलरची चणचण होती आणि फळं चैनीत मोजली गेली. कांद्याच्या बंदीला तसं कारण नव्हतं, शहरातल्या भावाची भीती होती. आणि सतरा कोटींच्या देशाची १४० कोटींशी बरोबरी काय करता?

कलम_अकरा
दोघेही एकमेकांच्या जखमा मोजताय. साफ्टाच्या कलम ११ मध्ये अल्पविकसितांचा महसूल बुडाला तर भरपाईची सोय होती, पण तिचा जीव छोटा. मर्कोसुर या दक्षिण अमेरिकी व्यापारगटाचा फोसेम निधी बघा: सुरुवातीच्या वाटणीत ब्राझील ७०% भरायचा, अर्जेंटिना २७, उरुग्वे २, पराग्वे १. मिळताना पराग्वेला ४८ आणि उरुग्वेला ३२. त्यातून वीजवाहिन्या आणि रस्ते झाले. आपल्याकडे असा निधी असता, तर सीमेवर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या असत्या. नेपाळच्या आल्याचा नमुना दूरच्या प्रयोगशाळेत जातो, तोवर आल्याला कोंब येतात.

सुताचा_पीळ
निधी भारताने भरायचा, आणि २४ नोव्हेंबर २०२६ ला बांगलादेश ठरल्याप्रमाणे अल्पविकसित यादीतून बाहेर पडला की ३०% ची सवलतही पुढे चालवायची? ते मान्य नाही. तेव्हा ४०% आणि कापडाची अट, दोन्ही हवंच. बंदराची सक्ती उठवायला माझी हरकत नाही, एवढं लिहून ठेवतो.

पेठेचा_हिशोब
चालेल. बदल्यात दोन्ही बाजूंनी कुठल्याही निर्बंधाआधी ९० दिवसांची सूचना.

सोयाबीन_लातूर
९० दिवस? तेवढ्यात वर्षभराचं तेल नेपाळच्या बीरगंजहून बिहारच्या रक्सौलला उतरेल. तेलाला ती सूचना नको.

कांदाचाळ
मग सूचना नको, परकीय व्यापार धोरणातला परिच्छेद १.०५ तरी पाळा. अधिसूचनेआधी एलसी (बँकेचं पैशाचं हमीपत्र) उघडलेला आणि करार झालेला माल त्यात सुटतो. २०२० च्या कांदाबंदीत मुद्दाम लिहिलं होतं की ही सवलत लागू नाही. ती एक ओळ काढली असती, तर महदीपूरचे ट्रक पलीकडे गेले असते.